कर नसता तर

१ जानेवारी २०१४ रोजी मेक्सिकोत साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर सुरू झाला. बाटलीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के. हंगेरी आणि फ्रान्सने अशा तऱ्हेचे कर थोडे आधी आणले होते. पण मेक्सिकोतल्या कराचा उद्देश उघडपणे लठ्ठपणा आणि मधुमेहाला आळा घालण्याचा होता, देश बारा कोटींचा होता, आणि करामुळे काय घडतं हे मोजायला संशोधक पहिल्या दिवसापासून तयार होते.

प्रश्न साधा वाटतो: त्या एका पेसोने काय झालं? आधीची विक्री पाहावी, नंतरची पाहावी, वजाबाकी करावी. पण उन्हाळा कडक असला की शीतपेयं जास्त खपतात, पगार आटले की कमी खपतात. विक्री करामुळे घटली की आणखी कशामुळे, हे वजाबाकी सांगत नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: कर नसता तर लोक किती प्यायले असते?

आरोग्य-अर्थशास्त्रावरचे काही लेख मराठीत आणण्याचं काम गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलं. त्या लेखांत 'काउंटरफॅक्च्युअल' हा शब्द पानोपानी येतो. न घडलेलं, पण घडू शकलं असतं असं. ज्याच्याशी घडलेलं ताडून पाहायचं ते. परिभाषेत त्याला 'प्रतितथ्य' म्हणतात. शब्द शुद्ध आहे, पण तो वाचताना डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मी बहुतेक ठिकाणी सरळ 'कर नसता तर' असंच लिहिलं. ते लिहिताना लक्षात आलं की मराठीला या कल्पनेसाठी नवा शब्द लागतच नाही. तिच्या क्रियापदातच ती आहे.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. लठ्ठपणाविषयी आपण एकमेकांशी जे बोलतो ते बहुतेक आज्ञार्थात असतं. गोड सोड. चालायला जा. रात्री भात नको. बोलणारा जरा सौम्य असेल तर तो विध्यर्थात येतो: माणसाने जिभेवर ताबा ठेवावा, दोन घास कमी खावेत. दोन्हींत कर्ता एकच, ज्याचं वजन वाढलं तो. दुकान, जाहिरात, किंमत, नळाला येणारं किंवा न येणारं पाणी यांना त्या वाक्यांत जागा नसते. संकेतार्थ मात्र तिथूनच सुरू होतो: भोवतालची परिस्थिती अशी नसती, तर हाच माणूस आजारी पडला असता का? लठ्ठपणाच्या प्रतिबंधाचा गेल्या काही दशकांतला इतिहास मला आज्ञार्थाकडून संकेतार्थाकडे झालेला प्रवास वाटतो. तो सोपा नव्हता आणि अजून पुरा झालेला नाही.

साखरेवर कर ही कल्पना मात्र जुनी आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात साखर, रम आणि तंबाखू यांची नावं एकत्र घेतली. या वस्तू जगण्यासाठी आवश्यक नाहीत, तरी जवळजवळ सगळेच वापरतात; म्हणून कर लावायला योग्य, असा त्याचा हिशेब होता. त्याला चिंता तिजोरीची होती, तब्येतीची नव्हती. त्या काळी युरोपात येणारी साखर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलामांच्या श्रमातून निघत होती. त्या श्रमाचं मोलही बाजारातल्या भावात दिसत नव्हतं.

भावात न दिसणाऱ्या किमतीचा सिद्धांत १९२० साली केंब्रिजच्या आर्थर सेसिल पिगूने मांडला. कारखान्याचा धूर शेजारच्या वस्तीला सोसावा लागतो, पण मालाच्या भावात तो मोजला जात नाही. असा दुसऱ्यावर पडणारा खर्च कराच्या रूपाने भावात आणावा, असं तो म्हणाला. मराठीत 'किंमत' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो: दुकानात मोजायची ती आणि पुढे आयुष्यात मोजावी लागते ती. पिगूची सारी खटपट या दोन किमती जवळ आणण्याची होती.

पण शीतपेय पिणारा तर स्वतःचंच नुकसान करतो. शरीर त्याचं, पैसे त्याचे. सरकारने मध्ये का पडावं? हा आक्षेप हलका नाही. त्याचं उत्तर आरोग्य-अर्थशास्त्राने हळूहळू घडवलं. १९७२ मध्ये मायकल ग्रॉसमनने आरोग्याला भांडवलाची उपमा दिली. आपण ते थोडंफार घेऊन जन्मतो, ते वयाबरोबर झिजतं, आणि वेळ व पैसा खर्चून आपण त्यात भर घालत राहतो. आरोग्य हीच संपत्ती असं आपणही म्हणतो, पण ग्रॉसमनची संपत्ती पेटीत ठेवायचं सोनं नाही, रोज तेल मागणारं यंत्र आहे. पुढच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली. माणूस आजच्या सुखाचा खर्च उद्याच्या स्वतःवर ढकलतो, आणि उद्याचा तो आज दुकानात हजर नसतो. मूल तर जाहिरात पाहून निवडतं. आणि मधुमेहाच्या उपचाराचा भार अखेर कुटुंबावर आणि सार्वजनिक रुग्णालयांवर येतो. म्हणजे धूर इथेही शेजारच्या घरात जातोच.

हे सगळं पुस्तकात होतं. मेक्सिकोत ते रस्त्यावर आलं, त्याला कारण तिथले आकडे. १९८८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींचं वजन प्रमाणाबाहेर होतं. १९९९ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण पाचांत तीनपर्यंत गेलं. सर्वेक्षणं मुळात कुपोषण मोजायला निघाली होती. त्यांच्या हाती दुसरंच काही लागलं. २०१२ पर्यंत दर दहा प्रौढांमागे सात जणांचं वजन जास्त होतं. अकरा वर्षांत एका देशातल्या स्त्रियांचा स्वभाव बदलत नाही. बदललं होतं ते भोवताल.

त्या भोवतालात शीतपेयाची जागा मोठी होती. स्पॅनिशमध्ये त्याला 'रेफ्रेस्को' म्हणतात, म्हणजे ताजंतवानं करणारं. दरडोई खपात मेक्सिको जगात आघाडीवर. नळाच्या पाण्यावर अनेक ठिकाणी लोकांचा विश्वास नव्हता, आणि बाटली कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात हमखास मिळे. चियापास प्रांतातल्या सान हुआन चामुला गावी त्सोत्सिल लोकांच्या चर्चमधल्या विधींतही शीतपेयांच्या बाटल्या मांडल्या जातात. जी वस्तू देवापुढे ठेवली जाते तिला केवळ वाईट सवय म्हणून भागत नाही. २००० ते २००६ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले विसेंते फॉक्स राजकारणात येण्यापूर्वी कोका-कोलाच्या मेक्सिकोतल्या कारभाराचे प्रमुख होते.

फॉक्स यांच्याच काळात, २००२ मध्ये, मेक्सिकोने शीतपेयांवर एक कर लावला होता. तो साखरेच्या विरोधात नव्हता. साखरेच्या बाजूने होता. उसाची साखर सोडून दुसरं गोड द्रव्य वापरणाऱ्या पेयांवर २० टक्के कर. रोख अमेरिकेतून येणाऱ्या मक्याच्या सिरपवर होता. मका मुळात मेक्सिकोच्या भूमीत माणसाळवलेलं पीक. ते सिरप होऊन उत्तरेकडून परत आलं आणि ऊस पिकवणाऱ्यांच्या पोटावर आलं. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि २००६ मध्ये निकाल मेक्सिकोच्या विरोधात गेला. त्याच बाटलीवर दोन कर, बारा वर्षांच्या अंतराने: एक ऊस वाचवायला, दुसरा माणूस. शरीराचा प्रश्न आणि शेताचा प्रश्न एकमेकांना किती चिकटलेले असतात, हे यावरून कळावं.

२०१३ च्या मोहिमेत मेक्सिको शहराच्या मेट्रोत जाहिराती लागल्या. सहाशे मिलिलिटरची बाटली आणि शेजारी साखरेचे बारा चमचे. तुम्ही बारा चमचे साखर खाल का, असा प्रश्न. कार्यकर्त्यांची मागणी लिटरमागे दोन पेसोंची होती. संसदेने एक दिला. त्याच वेळी खूप उष्मांक असलेल्या, जेवणाचा आवश्यक भाग नसलेल्या खाद्यपदार्थांवर आठ टक्के कर बसला.

मग मोजणी. केर्नाव्हाका इथल्या राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या अर्थशास्त्रज्ञ आरांचा कोल्चेरो, पोषणतज्ज्ञ हुआन रिवेरा, अमेरिकेतले बॅरी पॉपकिन आणि त्यांचे सहकारी यांनी ५३ शहरांतल्या ६,२५३ घरांच्या खरेदीच्या नोंदी घेतल्या. कर सगळ्या देशाला एकाच दिवशी लागला होता. त्यामुळे 'कर न लागलेला मेक्सिको' शेजारी ठेवून तुलना करायची सोय नव्हती. म्हणून २०१२ आणि २०१३ मधली खरेदी कशी चालली होती, तिच्यावर ऋतूचा आणि आर्थिक स्थितीचा काय परिणाम होत होता, हे पाहून त्यांनी २०१४ चं एक न घडलेलं वर्ष गणिताने उभं केलं. कर नसलेलं वर्ष. मग खरं वर्ष त्याच्याशेजारी ठेवलं.

जानेवारी २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. कर लागलेल्या पेयांची खरेदी २०१४ मध्ये सरासरी ६ टक्क्यांनी कमी होती. डिसेंबरपर्यंत घट १२ टक्क्यांवर गेली. गरीब घरांत ती सरासरी ९ टक्के आणि वर्षअखेरीस १७ टक्के. कर नसलेल्या पेयांची खरेदी ४ टक्क्यांनी वाढली, मुख्यतः बाटलीबंद पाण्याची.

हे आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. माणशी दिवसाला सरासरी घट होती १२ मिलिलिटर. जेवणाच्या मोठ्या चमच्यातही याहून जास्त मावतं. एवढ्याने कोणाचं वजन उतरत नाही, आणि अभ्यासानेही तसा दावा केला नाही. मेक्सिकोतला लठ्ठपणा कराने संपला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने मधुमेह आणि लठ्ठपणासाठी साथीच्या आणीबाणीची घोषणा केली. दुसरीकडे, खपाची रेघ कर नसता तर राहिली असती त्याहून खाली गेली, आणि ती कोणाला उपदेश न करता.

गरीब घरांचा आकडा सगळ्यांत अवघड आहे. अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, मधुमेहाची झळ ज्यांना जास्त बसते त्यांनाच फायदा जास्त झाला. दुसरा कोणी म्हणेल, श्रीमंताने पेसो देऊन बाटली घेतली आणि गरिबाच्या हातातला एक स्वस्त आनंद गेला. मला दोन्ही वाक्यं खरी वाटतात. त्यांच्यातला निवाडा करात नसतो, कराच्या पैशाचं पुढे काय होतं त्यात असतो. शाळांत पिण्याच्या पाण्याची सोय करा, ही मागणी कराच्या मागणीला सुरुवातीपासून जोडलेली होती. एका हाताने बाटली महाग करायची आणि दुसऱ्या हाताने पाणी द्यायचं नाही, तर तो पुन्हा आज्ञार्थच: पिऊ नकोस.

हा वाद केवळ विद्वानांचा राहिला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात कर दुप्पट करण्याची मोहीम सुरू असताना त्याच संस्थेतले संशोधक सिमोन बार्केरा यांना फोनवर विचित्र संदेश येऊ लागले. एकात म्हटलं होतं की त्यांच्या मुलीला गंभीर अपघात झाला आहे, आणि खाली दुवा दिला होता. ग्राहक-कार्यकर्ते अलेहांद्रो काल्विलो आणि लुइस एन्कार्नासिओन यांनाही तसेच संदेश आले. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने फेब्रुवारी २०१७ मध्ये दाखवून दिलं की ते दुवे पेगॅसस या हेरगिरीच्या प्रणालीचे होते. ती बनवणारी कंपनी ती फक्त सरकारांनाच विकते असं सांगते. संदेश कोणी पाठवले हे सिद्ध झालेलं नाही. दहशतवाद्यांविरुद्धचं म्हणून सांगितलं जाणारं हत्यार लिटरमागे एक पेसो मागणाऱ्यांवर रोखलं गेलं होतं.

न घडलेलं वर्ष गणिताने उभं करावं लागतं, तसं कधीकधी इतिहास ते स्वतःच उभं करून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखरेचं रेशन होतं. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. त्यानंतर मोठ्या माणसांचा साखरेचा वापर दिवसाला सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमपर्यंत गेला. थोड्या वर्षांच्या अंतराने जन्मलेली दोन मुलं, तोच देश, तीच गल्ली; एकाची पहिली दोन वर्षं रेशनची, दुसऱ्याची मोकळीकीची. तादेया ग्राक्नेर, क्लेअर बून आणि पॉल गर्टलर यांनी अशा सुमारे साठ हजार माणसांच्या आरोग्याच्या नोंदी पन्नास-साठ वर्षांनंतर तपासल्या. २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या या अभ्यासात, गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना साखर कमी मिळाली त्यांच्यात टाइप-टू मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी आढळला. या मुलांनी संयम पाळला नव्हता. त्यांना कोणी काही सांगितलंही नव्हतं.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. २०१६ मध्ये केरळने ब्रँडेड उपाहारगृहांतल्या बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावला. वर्षभरात जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. जीएसटीत शीतपेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर बसला. म्हणजे मेक्सिकोच्या चौपट. पण तो साखरेच्या प्रमाणावर नाही. साखर भरपूर असो वा मुळीच नसो, फसफसणाऱ्या बाटलीला दर तोच. आणि फळांच्या रसाची म्हणून विकली जाणारी गोड पेयं तेव्हा १२ टक्क्यांच्या रांगेत बसली. ब्रिटनने २०१८ मध्ये लावलेला कर साखरेच्या ग्रॅमवर होता. तो लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी बाटलीतली साखर कमी केली. आपला कर तिजोरीचा आहे. ॲडम स्मिथला तो ओळखीचा वाटला असता.

आणि आपल्याकडे वजनाचा काटाही पुरेसा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९३ पासून करताना याज्ञिकांना दिसलं होतं की आपली बाळं वजनाने कमी असतात, पण चरबी राखून जन्मतात. ज्या समाजात बारीक माणूसही आतून स्थूल असू शकतो तिथे 'लठ्ठ दिसलास, आता कमी खा' ही आज्ञा फार उशिरा पोहोचते.

महाराष्ट्रात हे बोलणं आणखी अवघड, कारण साखर इथे सहकाराची कमाई आहे. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला कारखाना हे शेतकऱ्याच्या स्वाभिमानाचं स्थळ आहे, आणि ते तसं मानणं योग्यच आहे. २००२ चा मेक्सिकोचा कर आपल्याला लगेच कळतो. २०१४ चा समजून घ्यायला वेळ लागेल. ऊस लावणाऱ्याला पर्याय दिल्याशिवाय साखर कमी करा म्हणणं हाही एक आज्ञार्थ आहे.

प्रतिबंधाचं राजकारण नेहमी असं विषम असतं. करामुळे ज्यांचं नुकसान होतं त्यांना नावं असतात: दुकानदार, कारखाना, संघटना, शेतकरी. ते मोर्चा काढू शकतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. ज्यांचा फायदा होतो त्यांना आपला फायदा झाला हेच ठाऊक नसतं. ज्या बाईला पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला नाही, तिला तो झाला असता हे कोण सांगणार? न झालेल्या आजाराबद्दल कोणी आभार मानत नाही आणि मतही देत नाही.

कोल्चेरो किंवा ग्राक्नेर यांच्यासारख्या संशोधकांच्या कामाचं मोल मला इथे दिसतं. त्या बाईला नाव देणं त्यांनाही शक्य नाही. पण तिला एक आकडा देता येतो. ६ टक्के, १७ टक्के, ३५ टक्के. संसदेत जेव्हा कोणी म्हणतं की या करामुळे कोणाचंच भलं झालं नाही, तेव्हा तो आकडा तिच्या वतीने टेबलावर असतो.